गोदाकाठची वाचनफेरी: नाशिकला 'रम्य' कुणी केलं, ते चालत चालत कसं दाखवावं

जुना नाशिककर गोदावरीला गोदावरी म्हणत नाही. तो 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतो. बाहेरून आलेल्या पाहुण्याला मात्र आपण पंचवटी, रामसीतेचा वनवास, थंडी, घाट, फुलं असं सगळं एका दमात सांगतो. यातलं काय कुणी, कधी आणि कुठे बसून लिहिलं, हे एका संध्याकाळच्या फेरीत दाखवता येतं. त्यासाठी दोन किलोमीटरच्या आतलं चालणं, सात मजकूर आणि थोडी पूर्वतयारी एवढं पुरतं. शाळेतले शिक्षक, वाचनालयांचे कार्यकर्ते, वारसाफेऱ्या काढणारी मंडळी यांना डोळ्यांसमोर ठेवून ही पद्धत लिहिली आहे.

फेरीचा कणा एवढाच: शहराची रम्य प्रतिमा हवेतून येत नाही, तिचा प्रत्येक तुकडा कुणीतरी घडवलेला असतो. नाशिकच्या बाबतीत गंमत अशी की सगळ्यात गोड तुकडे ज्यांनी लिहिले, ते इथे राहत होते याचा काहीच पुरावा नाही. जे इथे राहिले, त्यांनी नदीवर प्रेम करतानाच पूर, शिवाशीव आणि बंद दरवाजेही लिहिले. ही दोन टोकं ऐकणाऱ्याला काठावर उभं राहून जाणवली पाहिजेत. तुम्ही भाषणात सांगून ती जाणवत नाहीत.

मजकूर निवडताना

एका थांब्यावर एक, फार तर दोन मजकूर घ्या. मोठ्याने वाचायला दीड मिनिटापेक्षा जास्त लागत असेल तर कापा. घाटावर घंटा, भोंगे आणि गिऱ्हाईक बोलावणाऱ्यांचा आवाज असतो, त्यात माणसं दीड मिनिटापुढे कान देत नाहीत. संस्कृत किंवा प्राकृत असेल तर मूळ दोन ओळी वाचा आणि लगेच साध्या बोलीत अर्थ सांगा. अर्थ स्वतः लिहून काढा, छापील अनुवादातली जड वाक्यं तोंडातून नीट निघत नाहीत.

प्रत्येक मजकुराला चार प्रश्न विचारा आणि उत्तरं कार्डाच्या मागे लिहा. हा किती जुना? लिहिणारा इथे आला होता असं म्हणायला काही आधार आहे का? वर्णन याच जागेचं आहे की नदीच्या कुठल्याही काठाचं? आणि यात काय वगळलं आहे? चौथ्या प्रश्नाचं उत्तर सापडत नसेल, तर मजकूर पुन्हा वाचा.

पूर्वतयारीसाठी सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे आपल्या 'सावाना'त, दोन संध्याकाळी द्या. 1840 साली सुरू झालेल्या या वाचनालयात मराठी जुनी पुस्तकं मिळतात. 1883 चं नाशिक जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअरही मिळवा. पंचवटीतली देवळं, कुंडं, घाट यांची त्यात तपशीलवार नोंद आहे. एखाद्या चित्रातलं देऊळ त्या काळी होतं का, कुंडाचं नाव बदललं का, हे तिथे ताडून पाहता येतं.

आता मजकूर. क्रम कालानुसार देत आहे, चालताना तो बदलेल.

वाल्मीकींच्या अरण्यकांडातला सोळावा सर्ग हा नाशिकच्या थंडीचा पहिला जाहीरनामा समजायला हरकत नाही. पंचवटीत राहत असताना पहाटे तिघं स्नानाला नदीवर निघतात आणि लक्ष्मण हेमंत ऋतूचं वर्णन करतो. त्यातली एक ओळ अशी: 'निःश्वासान्ध इवादर्शश्चन्द्रमा न प्रकाशते'. उच्छ्वासाने आरसा धुरकट व्हावा तसा चंद्र दिसेनासा झालाय. हे वाचताना खिशातला छोटा आरसा काढून त्यावर 'हा' करून दाखवा. डिसेंबरात तो चटकन धुरकटतो, मे महिन्यात कितीही फुंका, काही होत नाही. याच कारणासाठी ही फेरी डिसेंबर-जानेवारीत काढलेली बरी.

दुसरा कालिदास. 'रघुवंशा'च्या तेराव्या सर्गात राम पुष्पक विमानातून परत जाताना सीतेला खालची ओळखीची ठिकाणं दाखवतो. गोदावरीवरच्या सारसांच्या रांगा तुझ्या स्वागताला वर येताहेत म्हणतो, तू घड्याने पाणी घालून वाढवलेले आंबे दाखवतो, आणि मग 'अत्रानुगोदं मृगयानिवृत्तस्तरङ्गवातेन विनीतखेदः' हा श्लोक येतो. इथेच, गोदेच्या काठी, शिकारीहून परतल्यावर, लाटांवरून येणाऱ्या वाऱ्याने थकवा गेला आणि वेतांच्या कुंजात एकांतात तुझ्या मांडीवर डोकं ठेवून मी झोपलो होतो, ते आठवतंय. तपोवनातलं ठिकाण जोडप्याच्या खासगी आठवणीचं ठिकाण झालं ते या सर्गात. नाशिकच्या रोमँटिक ओळखीचा पाया कुठला असं एका श्लोकात सांगायचं झालं, तर आम्ही हाच सांगू. आणि तो चक्क आकाशातून, उतरून न बघता म्हटलेला आहे.

तिसरा भवभूती, आठव्या शतकातला. 'उत्तररामचरिता'च्या तिसऱ्या अंकात तमसा आणि मुरला या दोन नद्या बोलत असतात. सीतेचा त्याग केलेला राम पंचवटीत परत येतो, सीता त्याच्या जवळ असते पण कुणाला दिसत नाही. जुनी झाडं, जुन्या जागा बघून राम मूर्च्छित होतो. हीच जागा, पण आता विरहाची. प्रवेश लांब आहे, म्हणून तो वाचू नका, सांगा. दोन मिनिटं पुरतात.

चौथा मजकूर जपून वापरायचा. सातवाहन राजा हाल याच्या नावावरची 'गाथासप्तशती' माहाराष्ट्री प्राकृतात आहे आणि तिच्यात गोदावरीचं नाव 'गोला' असं येतं. काव्यशास्त्रात शेकडो वर्षं चर्चिलेली एक गाथा अशी: बाई एका धार्मिक गृहस्थाला सांगते, बुवा, आता खुशाल हिंडा, ते कुत्रं आज मारलं गेलं, गोदेकाठच्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने मारलं. वरवर आश्वासन आहे, खरा अर्थ मात्र 'इकडे फिरकू नका' असा, कारण ती झाडी तिची प्रियकराला भेटायची जागा आहे. ऐकणारे हमखास हसतात. इथेच चूक होते: ही गाथा 'नाशिकच्या घाटाची' म्हणून सांगितली जाते. गोदावरी 1,465 किलोमीटर लांब आहे आणि सातवाहनांची राजधानी पैठणला होती. हा काठ कुठला, हे गाथा सांगत नाही. 'याच नदीच्या काठाची' एवढंच म्हणा. सातवाहनांशी नाशिकचा पक्का धागा हवा असेल तर तो पांडवलेण्यात आहे. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, तोही प्राकृतातच. पण ती टेकडी घाटापासून बरीच लांब, महामार्गाला लागून आहे. पायी फेरीत ती कोंबू नका.

पंचवटीबद्दलही हेच भान ठेवा. तेलंगणात भद्राचलमजवळच्या पर्णशालेलाही पंचवटी मानणारे लोक आहेत. कुणी हा प्रश्न काढला तर वाद घालू नका. काव्याने जागेला ओळख दिली की ती जागा आपल्याकडे आहे असं अनेक गावांना वाटतं. प्रतिमा कशी तयार होते याचं हे उत्तम उदाहरण आहे, ते फेरीच्या कामाचंच आहे.

उरलेले तीन मजकूर विसाव्या शतकातले: लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मधला जलालपूरच्या बालपणाचा उतारा, कुसुमाग्रजांची एक कविता आणि बाबुराव बागुलांच्या कथेतला एक परिच्छेद. ते थांब्यांसोबत खाली येतील.

वेळ आणि दिवस

सूर्यास्ताच्या सव्वादोन तास आधी सुरू करा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे पावणेचारला जमायचं. मे महिन्यात सातच्या सुमारास मावळतो, तेव्हा पावणेपाचला निघूनही चालतं. संध्याकाळच का, याचं कारण नदीच्या वळणात आहे. गंगापूरकडून पूर्वेला येणारी गोदावरी रामकुंडाजवळ दक्षिणेला वळते. त्यामुळे पंचवटीची देवळं पूर्वेच्या काठावर येतात. सकाळी पश्चिम काठावरून पाहिलं तर सूर्य त्यांच्या मागे असतो आणि शिखरांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. दुपारनंतर तेच काळे पाषाण उजळतात, कोनाडे आणि नक्षी वेगळी दिसते.

सोमवार टाळा, कपालेश्वरला गर्दी असते. श्रावण, अमावास्या, एकादशी, रामनवमी हेही टाळा. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असेल तर फेरी रद्दच करा. पाऊस थांबलेला असतो, आकाश निवळलेलं असतं आणि तरीही काही तासांत पाणी घाटाच्या पायऱ्या चढतं. बातम्यांत विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये येतो. तो वाढतोय असं दिसलं की कार्डं घरी ठेवा. 2027 च्या कुंभमेळ्यासाठी घाटावर कामं सुरू असतील, म्हणून आदल्या दिवशी पूर्ण रस्ता एकदा स्वतः चालून बघा.

गट बाराच्या वर नेऊ नका. वीस झाले की मागचे आपापसांत बोलायला लागतात आणि मग कुणीतरी माइक आणतो. माइक अजिबात नको, त्याने अर्धा घाट तुमच्याकडे वळतो आणि उरलेला वैतागतो.

थांबे

*पहिला: अहिल्यादेवी होळकर पुलाजवळ, सुंदरनारायणाच्या बाजूला.* जुने लोक याला अजून व्हिक्टोरिया पूल म्हणतात. इथे वाचायचं नाही, बघायचं. प्रत्येकाला पोस्टकार्डाच्या आकाराचा पुठ्ठा द्या, मध्ये 6 बाय 9 सेंटिमीटरची खिडकी कापलेली. हात लांब करून त्यातून देवळं बघायला सांगा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या परंपरेतले जलरंगातले चित्रकार वाईप्रमाणेच नाशिकच्या घाटावर वर्षानुवर्षं बसत आले, आणि शिवाजी तुपे यांच्यासारख्या नाशिकच्याच चित्रकारांनी हा घाट पुन्हा पुन्हा रंगवला. एका निसर्गचित्राची छापील प्रत बरोबर ठेवा आणि चित्रकार कुठे बसला असेल ते शोधायला लावा. युक्ती सोपी आहे: चित्रातली क्षितिजरेषा देवळाच्या कुठल्या पायरीशी येते ते बघा, तेवढीच चित्रकाराच्या डोळ्यांची उंची. मग सावल्या कुठल्या बाजूला पडल्यात ते बघा, त्यावरून वेळ कळते. पायऱ्या रुंद आणि पाणी खाली दिसत असेल तर तो वरच्या ओट्यावर होता, पाणी जवळ आणि देऊळ उंच असेल तर अगदी काठाशी.

मग विचारा: पुठ्ठ्याच्या खिडकीत काय येतंय जे चित्रात नाही? तारा, फ्लेक्स, प्लास्टिकच्या बादल्या, गाड्या. चित्रकार काय सोडतो हे पाच मिनिटांत कळतं. तो खोटं रंगवत नाही, फक्त चौकट थोडी डावीकडे सरकवतो. (मोबाईलवर फोटो काढणारा प्रत्येक पर्यटक नकळत हेच करतो.) या थांब्याला वीस मिनिटं द्या, घाई करू नका. इथे नजर बसली की पुढे मजकुरातलं काय वगळलंय तेही आपोआप दिसतं.

*दुसरा: रामकुंडाच्या वरच्या अंगाला, कपालेश्वराच्या पायऱ्यांवर.* इथे एक गोष्ट काटेकोर पाळा. रामकुंडात अस्थिविसर्जन होतं. मुंडन केलेली माणसं, पिंड मांडून बसलेली कुटुंबं तिथे जवळजवळ रोज असतात. त्यांच्या शेजारी उभं राहून मांडीवर डोकं ठेवून झोपलेल्या रामाचा श्लोक वाचणं बरं दिसत नाही. वरच्या पायऱ्यांवर, रस्त्याच्या कडेला थांबा. कॅमेरे खिशात ठेवायला सांगा.

इथे कालिदास आणि गाथा. दोन्ही प्रेमाचे, एक वरून बघणारा, एक काठाच्या झाडीत लपलेला. आज काठाला वेत नाही, झाडी नाही, पात्रालाही बऱ्याच ठिकाणी काँक्रीट आहे. हे सांगताना हळहळीचा सूर लावू नका. नुसतं बोट दाखवा.

*तिसरा: पंचवटी, वडाची झाडं आणि सीतागुंफा.* गुंफेत आत वाकून जावं लागतं आणि रांग असते, म्हणून गटाने आत जाऊ नये. झाडांजवळ पाच मिनिटं थांबा. वाल्मीकी इथे वाचा, आरसा इथे काढा. भवभूतीची गोष्टही इथेच सांगा: तीच जागा, आधी संसाराची, मग सीताहरणाची, मग आठवणीची. पुढे काळारामाकडे जाताना गप्पांमध्ये नावांचा प्रश्न हमखास येतो. 'नासिका' म्हणजे शूर्पणखेचं नाक, ही कथा लोकप्रिय आहे, नऊ शिखरांवरून 'नवशिख' अशीही व्युत्पत्ती सांगतात. दोन्ही लोककथा म्हणूनच सांगा. मोगलांनी शहराला गुलशनाबाद म्हटलं आणि पेशवाईत जुनं नाव परत आलं, हे मात्र नोंदलेलं आहे. 'फुलांचं शहर' हा शिक्का तिथून.

*चौथा: काळाराम मंदिर.* हा थांबा वगळून ही फेरी काढू नका. वेळ कमी पडला की लोक नेमका हाच वगळतात.

अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी काळ्या पाषाणात बांधलेलं हे देऊळ. वास्तूबद्दल एक मिनिट. मग 2 मार्च 1930. याच देवळात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, स्थानिक आघाडीवर दादासाहेब गायकवाड होते, आणि लढा पाच वर्षांच्या आसपास चालला. इथे नाशिकजवळच्या विहितगावात 1930 सालीच जन्मलेल्या बाबुराव बागुलांचा परिच्छेद वाचा. त्यांचा पहिला कथासंग्रह 'जेव्हा मी जात चोरली होती' 1963 चा. शीर्षककथेतला कुठलाही एक मिनिटाचा भाग चालतो. वाचून झाल्यावर स्पष्टीकरण देऊ नका. अर्धा मिनिट गप्प राहा आणि पुढे चालू लागा. इथे कुणी 'पण आपण तर रम्य नाशिक बघायला आलो होतो' म्हणालं, तर ते फेरी फसल्याचं लक्षण नाही. परतीच्या वाटेवर त्यांच्याबरोबर चाला.

लक्ष्मीबाई टिळकांचा उतारा इथेच किंवा परत घाटाकडे जाताना. त्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. 'स्मृतिचित्रे'च्या सुरुवातीला वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक आहे आणि तो त्या हसवत सांगतात. निवडताना हसवणारा भाग घ्या. काळारामाच्या दारात तोच सोवळ्याचा शब्द घराच्या आतून ऐकू आला की वेगळाच लागतो.

*पाचवा: नारोशंकर आणि दुतोंड्या मारुती.* खाली घाटावर परत. नारोशंकर मंदिर 1747 चं. वरची मोठी घंटा वसईच्या मोहिमेतली पोर्तुगीज घंटा. पाणी त्या घंटेला लागलं की महापूर, हे जुनं माप. दुतोंड्या मारुती, म्हणजे घाटावरची मारुतीची मोठी मूर्ती, हे दुसरं. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला, असं नाशिककर एकमेकांना फोनवर सांगतात. 2008, 2016, 2019 च्या पुरांचे फोटो सहज मिळतात. त्यातला एक छापून न्या आणि मारुतीशेजारी धरा.

इथे कुसुमाग्रजांच्या 'कणा'ची आठवण करून द्या. पुरात घर गेलेला जुना विद्यार्थी सरांकडे येतो, आणि नदीचा उल्लेख 'गंगामाई' असा, घरी राहायला आलेल्या पाहुणीसारखा करतो. सुरुवातीला म्हटलेला नाशिककरांचा 'गंगा' शब्द कवितेत कसा उतरला, ते इथे दिसतं. कविता बहुतेकांना पाठ असते, तुम्ही पहिली ओळ म्हटली की गट पुढे म्हणतो. म्हणू द्या.

फाळके इथेच आणा. दादासाहेब 1870 साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. 'राजा हरिश्चंद्र' 1913 मध्ये मुंबईत दाखवल्यानंतर ते नाशिकला आले. 1918 पासून हिंदुस्थान फिल्म कंपनीचं काम इथून चाललं. का नाशिक? मूकपटांच्या त्या काळात चित्रीकरण मुख्यतः उन्हावर चालायचं, आणि दगडी घाट, कुंडं, देवळं, रानं हा पौराणिक कथेचा तयार देखावा इथे होता. 'कालिया मर्दन' हा 1919 चा मूकपट बऱ्याच अंशी टिकून आहे. टॅबवर दोन मिनिटं दाखवा, पण सावलीत, नाहीतर पडद्यावर फक्त स्वतःचे चेहरे दिसतात. आवाज बंद ठेवा. इंटरनेटवर त्याला मागाहून चिकटवलेलं संगीत असतं, त्याने सगळा परिणाम बिघडतो. आणि प्रत्येक घाट 'इथेच शूट झाला' असं दाखवू नका. नेमकी जागा सांगायला पक्का आधार लागतो.

*सहावा: त्याच घाटावर, सूर्य टेकताना.* पश्चिमेला जुन्या नाशिकच्या छपरांमागे ऊन जातं. इथे 'विशाखा'तली 'गोदाकाठचा संधिकाल'. संग्रह 1942 चा, वि. स. खांडेकरांनी प्रसिद्ध केलेला. फेरीची वेळ संध्याकाळची ठेवण्याचं दुसरं कारण ही कविता. तिचा तास आणि तुमचा तास एकच असला पाहिजे. वाचणारा आधी ठरवा आणि त्याच्याकडून घरी तीनदा वाचून घ्या. ऐन वेळी 'कोण वाचतं?' विचारलं तर सगळ्यात मोठा आवाज असलेला माणूस पुढे होतो आणि कविता पोवाड्यासारखी म्हणतो. 'विशाखा'तच 'हिमलाट' नावाची कविता आहे. थंडीच्या फेरीत तिला वाल्मीकींच्या हेमंतासोबत जोडा. एक आडमाहिती सांगितली की सगळे कान टवकारतात: तरुण कुसुमाग्रज 1930 च्या दशकात गोदावरी सिनेटोनच्या 'सती सुलोचना'त लक्ष्मणाच्या भूमिकेत होते. म्हणजे पहाटेच्या थंडीचं वर्णन करणारा तोच लक्ष्मण.

रामकुंडावर संध्याकाळी आरती असते, गर्दी वाढते. तुमची कविता त्याआधी संपली पाहिजे.

एक कार्ड असं असावं

पोस्टकार्डाचा आकार, जाड कागद, 16 पॉइंट अक्षर. संध्याकाळी उजेड कमी होतो, 12 पॉइंटमध्ये छापलेलं कार्ड पाचव्या थांब्यावर कुणालाच वाचता येत नाही. पुढच्या बाजूला फक्त मजकूर आणि अर्थ. मागे असं:

थांबा 2. कालिदास, 'रघुवंश', सर्ग 13.
काळ: साधारण चौथं-पाचवं शतक.
इथे आला होता का: आधार नाही.
जागा: पंचवटी, गोदाकाठ, असं श्लोकात स्पष्ट आहे.
काय वगळलं: सीतेचं हरण याच परिसरात झालं. इथे राम फक्त झोप आठवतो.
विचारायचं: तुमच्या ओळखीच्या कुणाची अशी एक जागा आहे का, जी त्यांनी परत कधी पाहिली नाही?

शेवटचा प्रश्न मोठ्याने विचारू नका, कार्डावर राहू द्या. मोठ्याने विचारला की लोक लाजतात किंवा लांबलचक गोष्टी सांगतात.

काय बिघडतं

सगळ्यात जास्त बिघाड व्हॉट्सॲपवरून येतो. 'कुसुमाग्रजांची' म्हणून फिरणाऱ्या कितीतरी ओळी त्यांच्या नसतात. संग्रह उघडून पान बघितल्याशिवाय एकही ओळ कार्डावर घेऊ नका. गंगापूर रोडवरच्या कुसुमाग्रज स्मारकात विचारलं तरी योग्य दिशा मिळते.

दुसरा बिघाड, सगळं सांगण्याचा मोह. वसंत कानेटकर नाशिकच्या महाविद्यालयात शिकवत नाटकं लिहीत होते. 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद थिएटरात 'शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या जॅक्सन या नाशिकच्या इंग्रज कलेक्टरवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. कवी गोविंदांची स्वातंत्र्यगीतंही याच शहरात रचली गेली. हे सगळं मोलाचं आहे, पण ती रंगभूमीची आणि क्रांतीची वेगळी फेरी आहे, जुन्या नाशकाच्या गल्ल्यांतून जाणारी. दोन्ही एकत्र केल्या तर तीन तासांनंतर पाय आणि लक्ष दोन्ही संपतात.

तिसरा, हक्कांचा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं साहित्यावर हक्क असतो. कुसुमाग्रज 1999 मध्ये गेले, बागूल 2008 मध्ये. त्यांची पूर्ण कविता किंवा कथा छापून वाटायची असेल तर परवानगी घ्या, किंवा पुस्तकच घेऊन जा आणि त्यातून वाचा. लक्ष्मीबाई 1936 मध्ये गेल्या, त्यांचा उतारा छापायला अडचण नाही. फाळक्यांच्या मूकपटांचंही तेच. आधुनिक चित्राची रंगीत प्रत वाटण्याआधी मात्र विचारा. एकच प्रत दाखवायला नेणं आणि पन्नास वाटणं यात फरक आहे.

चपला रबरी, पकड असलेल्या घाला, शेवाळलेल्या पायऱ्यांवर चामडी तळ घसरतो. कार्डं फेरीनंतर परत गोळा करा आणि ज्या कार्डाच्या वेळी लोकांनी मोबाईल काढले त्याच्या कोपऱ्यात खूण करा. दोन फेऱ्यांत तीच खूण पडली, तर तो मजकूर बदला.